निघताना बंद केलेला पंखा

धुळ्याच्या बसस्थानकासमोरच्या रसवंतीत बसून मी मधूची वाट पाहत होतो. मे महिना, सकाळचीच वेळ, पण ऊन असं की समोरचा रस्ता हलताना दिसत होता. जळगावहून येणाऱ्या प्रत्येक एसटीकडे मान वळवून बघायचं आणि मनातल्या मनात शिव्या द्यायच्या, एवढंच चाललं होतं. उशीर करणं हे आमच्या मैत्रीत माझं खातं होतं, त्याचं नव्हे. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर त्याचंच नाव. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "कुठे तडफडलास रे?" म्हणालो. पलीकडे सुमनवहिनी होत्या. "भाऊजी... हे उठत नाहीयेत हो." या गोष्टीला आता महिना होऊन गेला, पण माझा तो शब्द अजून जिभेवर तसाच बसून आहे.

मधू म्हणजे मधुकर. गावाला मधुभाऊ, मला नुसता मधू. धुळ्यात डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी जळगावात वायरिंगची कंत्राटं घेऊ लागलो आणि तो कारखान्या-कारखान्यांतून वीज कुठे वाया जाते ते तपासत हिंडू लागला. "तू दिवे लावत जा, मी मागून बंद करत येतो," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझी पार शोभा करायचा. डाळमिल असो, कापसाचं जिनिंग असो, नाहीतर सरकारी कचेरी, आत शिरल्यावर तो आधी काही बोलायचा नाही. एका जागी उभा राहायचा. मोटारीचा आवाज ऐकायचा, भिंतीला हात लावून बघायचा आणि मग तिथे काम करणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसायचा. मला या प्रकाराचा भयंकर कंटाळा यायचा. कारण त्याचं बसणं संपेपर्यंत आमचं जेवण लांबायचं.

रावेरकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तिथे एका शेठची केळी थंड करायची मोठी खोली होती. बिल भरमसाट यायचं आणि केळीला हवा तेवढा गारवा काही मिळायचा नाही. कारण उघड होतं. उन्हाळ्यात बाहेर घड उतरवणारी, खोकी भरणारी माणसं जेवायच्या सुट्टीत भाकरी घेऊन त्याच खोलीत जाऊन बसत. दार सारखं उघडायचं. आम्ही गेलो तेव्हा शिंदखेड्याकडची एक बाई कांदा फोडत होती. मधू तिच्यासमोर मांडी घालून बसला. ती जराशी बिचकली, अहिराणीत म्हणाली, "भाऊ, बाहेर जीव जास. आठे गार शे. भाकर खाईसन लगेच जातस आमी." मधूनं तिच्याकडची चतकोर भाकरी मागून घेतली आणि खाल्ली. शेठ दारात उभे राहून मला विचारत होते, कुलूप कोणत्या कंपनीचं लावू. मधू हात झटकत उठला आणि म्हणाला, "कुलूप नको. त्या निंबाखाली छप्पर टाका, दोन कूलर लावा, पाण्याचे माठ ठेवा." शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वीज वाचवायला बोलावलं तुम्हाला, आणि तुम्ही कूलर लावायला सांगता?" मधू शांतपणे म्हणाला, "माणसाला सावली मिळाली की दार आपोआप बंद राहतं." शेठनं कुरकुर करत का होईना, छप्पर टाकलं. पुढच्या खेपेला गेलो तर दिवसभर धापा टाकणारा कॉम्प्रेसर अधूनमधून गप्प बसत होता. केळी गार होती आणि माणसं निंबाखाली बसून जेवत होती. त्या बाईनं लांबूनच हात केला.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगतोय, त्याला कारण आहे. मधू गेला त्या दिवशी शेजारचे लोक धावत आले तेव्हा त्यांना काय दिसलं? भर मे महिन्यातली खोली, जमिनीवर पडलेला मधू आणि बंद पंखा. झालं. संध्याकाळपर्यंत गावभर एकच चर्चा... वीज वाचवता वाचवता मधुभाऊ गेले, उकाड्यात पंखा बंद करून बसले होते म्हणे. मला तर आधी ऐकूच येईना लोक काय बोलतायत ते. डॉक्टर सांगत होते हृदय थांबलं, क्षणात थांबलं, पंख्याचा काही संबंध नाही. पण ते ऐकतो कोण? पंख्याची गोष्ट जास्त चांगली होती.

शोकसभेला कळस झाला. सभागृहात एसी चालू, दारं सताड उघडी, मधूच्या फोटोला हार. एक मोठे अधिकारी उठले. धुळ्यात नवी सरकारी कचेरी बांधायची होती, तिचा नकाशा यांच्याच टेबलावर होता. इमारतीला दर्शनी बाजूनं सगळी काच लावायची त्यांची हौस आणि मधू गेले कित्येक महिने त्यांच्या मागे लागलेला. "साहेब, आपल्याकडे काचेची बरणी उन्हात ठेवतात ती लोणचं मुरवायला. माणसं मुरवायची का?" असं तो त्यांना तोंडावर म्हणाला होता. त्या दिवशी धुळ्यात आम्ही भेटणार होतो ते याच बैठकीसाठी. तर हे साहेब गहिवरून म्हणाले, "विजेसाठी त्यांनी स्वतःच्या जिवाचीही पर्वा केली नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकं सणकलं. मी बोलणाऱ्यांत नव्हतो, तरी उठलो. आवाज चिरकत होता. म्हणालो, "मधूनं उभ्या आयुष्यात कुणाला घामात बसायला सांगितलं नाही. त्याच्या खांद्याला पिशवी होती, एका पायात चप्पल होती. तो निघाला होता. निघताना माणूस पंखा बंद करतो, तेवढाच केला त्यानं. आणि निघाला होता तो तुमच्या काचेच्या बैठकीला!" पहिल्या रांगेत वहिनी पदराचं टोक हातात घेऊन खाली बघत होत्या. मला वाटलं, मी त्यांना दुखावलं.

नंतर काही दिवसांनी घरी गेलो. दार उघडंच होतं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मधूच्या खोलीत कुणी नव्हतं आणि पंखा गरगर फिरत होता. टेबलावर चष्मा, खुंटीला ती पिशवी. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि बाहेर पडताना सवयीनं बटणाकडे हात गेला. इतकी वर्षं त्याच्याबरोबर हिंडून माझ्याही हाताला ते वळण लागलंय.

"राहू द्या भाऊजी," मागून वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, लोकांच्या बोलण्याचा धसका घेतलाय. म्हणालो, "वहिनी, लोकांचं काय ऐकता? तो बंद पंख्यामुळे नाही गेला."

"ते मला माहीत आहे. मीच तर ऐकलं ना." त्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकल्या. "मी इथे पाण्याची बाटली भरत होते. बटणाचा टक आवाज आला. म्हटलं, निघाले वाटतं... बाटली घेऊन आले तर हे असे. लग्न झाल्यापासून मी खोलीतून बाहेर आले की हे मागून येऊन बटण बंद करणार. वर म्हणणार, राणीसाहेब, विसरलात. कधी कधी मी मुद्दाम चालू ठेवायचे. आताही मुद्दामच ठेवते भाऊजी. स्वयंपाकघरात येते आणि कान देऊन उभी राहते."

चहा घेतला, चप्पल घातली, फाटकापर्यंत आलो. खिडकीतून पंख्याचा आवाज येत होता. मी फाटकाची कडी लावली आणि उन्हात चालू लागलो.