शेळीची वार आणि आईची हळद

लोकांना वाटतं, लॅबमध्ये काम करणारी माणसं शांत असतात. माझ्या लॅबवाल्यांना विचारा! मशीन अडकलं तर मी मशीनशी भांडते, बर्फ वेळेवर आला नाही तर फोनवरून त्या बर्फवाल्याशी भांडते. हा स्वभाव मी आईकडून घेतला, आणि पहिला वापरही तिच्यावरच केला. तरी आज मी जी काही आहे ती तिच्यामुळं, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. शेळी व्याल्यावर वार पडते ना, तिच्या आतल्या बाजूला एक पातळ, दुधी पडदा असतो. तो अलगद सोलायचा, त्यातल्या शेळीच्या पेशी धुऊन टाकायच्या आणि उरलेल्या जाळीवर माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या, असं माझं काम. भाजलेल्या माणसाच्या किंवा शुगरवाल्याच्या न भरणाऱ्या जखमेवर उद्या असा पडदा लावता येईल, ही आशा. अजून ते माणसापर्यंत पोचलेलं नाही, उगाच फुशारकी मारत नाही.

पेशीचं एक आहे. तिला बूड टेकायला जागा लागते. टेकली की तिच्या आत एकामागून एक निरोप जातात, आता जग, आता पसर, आता दोनाच्या चार हो. जागा नाही मिळाली तर कुणी न मारता ती आपली आपण मरते. माझ्या पेशी कितीतरी महिने अशाच मरत होत्या. खाटिकखान्यातून आणलेली वार सोलापूरच्या उन्हात लॅबपर्यंत येईस्तोवर नासायची, पडद्याचा चोथा व्हायचा. शेवटी मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, तोंडावर सांगितलं, "पुढच्या प्रगती-समितीसमोर पेशी जिवंत दाखव. नाहीतर विषय बदल आणि पहिल्यापासून सुरू कर."

पहिल्यापासून! घरच्यांकडं आणखी वर्षं कुठल्या तोंडानं मागणार होते? विषय गेला असता तर मीही गाशा गुंडाळला असता. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि रडता रडताच डोक्यात आलं, अगं येडे, तुझ्या घरात शेळ्या आहेत की!

आमचं गाव मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळ. तिथं दोन भाषा एकाच ताटात जेवतात. आई शेळ्यांशी कन्नडात बोलते आणि आमच्याशी मराठीत. फार चिडली की आमच्याशीही कन्नडात. परवानगीचे सोपस्कार मॅडमनी पार पाडले, पण खरी परवानगी आईची होती. आमच्याकडं वार कुणाच्या हाती देत नाहीत. तिला हळद लावायची, फडक्यात बांधायची आणि वडाच्या फांदीला अडकवायची. वडाला जसा चीक, तसं शेळीला दूध. वार परक्याच्या हाती गेली तर दूध आटतं, असं आई मानते, तिची आई मानायची.

"शेळी आटंल," आई म्हणाली.

"काय आटत न्हाय. वार पडली की तिचं काम संपलं. दूध हार्मोननं येतं."

"तुझं हार्मोन तुझ्यापाशी. पिल्लं काय पितील मग?"

मी अंगणात बसले आणि काडीनं मातीत शेळीची कास काढली, डोकं काढलं, रक्त कुठून कुठं जातं ते काढलं. आई कडब्याची पेंढी सोडत ऐकत होती. मी चांगलीच तापले. "तुला माझं शिक्षण पाहिजे का तुझा वड पाहिजे?" असंही बोलून बसले. तिनं कडबा शेळ्यांपुढं टाकला आणि म्हणाली, "बरं, ने." मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

पहिली शेळी व्यायली तेव्हा भावानं बर्फाच्या डब्यातून वार एसटीनं आणून दिली. पडदा असा स्वच्छ निघाला की काय सांगू. पेशी सोडल्या, काही दिवस थांबले आणि मग रंग टाकून तपासायला घेतल्या. त्या रंगानं जिवंत पेशी निळ्या उजेडात हिरव्या चमकतात. स्क्रीनवर बघते तर सगळीकडं हिरवंगार! मी लॅबभर नाचले आणि मॅडमना हाताला धरून ओढत आणलं.

मॅडमनी बघितलं आणि चष्मा वर करून विचारलं, "रिकामा तुकडा कुठंय?"

रिकामा म्हणजे ज्याच्यावर पेशी सोडल्याच नव्हत्या तो. मी तो घाईघाईनं खाली सरकवला. तोही हिरवागार. ज्याच्यावर काहीच नाही, तेही जिवंत! तुकडा खिडकीपाशी उजेडात धरला तर कडेला फिकट पिवळी झाक दिसली. मी तिथूनच फोन लावला.

"आय, वारंला काय लावलंस?"

"हळद. का गं?"

"हळद?"

"मग काय तशीच देऊ व्हय? लेकरं वाढवली तिनं पोटात. हळद लावली, पाया पडले आन् दिली."

हळद त्या निळ्या उजेडात आपली आपण हिरवी चमकते. मी फोनवर आईला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मॅडम मात्र खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बरं झालं, माझ्यासमोर झालं," म्हणाल्या, "समितीसमोर झालं असतं तर?" आणि समितीची बैठक थोडी पुढं ढकलून घेतली. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

पुढची शेळी व्यायला टेकली तेव्हा मी स्वतःच गावी गेले. भर दुपारी, लिंबाच्या सावलीत ती व्यायली. वार पडली तशी आई सवयीनं हळदीची वाटी घेऊन पुढं आली. "आय, हात लावू नको!" मी केवढ्यांदा ओरडले. तिनं हात मागं घेतला. मग ती हळद शेळीच्या कपाळाला लावली आणि दोन्ही हात जोडले. मी वार डब्यात भरली आणि एसटी चुकू नये म्हणून पळाले.

या वेळी रिकामा तुकडा अंधारा राहिला. दुसऱ्यावर हिरवे ठिपके होते. मोजकेच, पण खरे. काही दिवसांत पेशींनी पाय पसरले, एकमेकींना जाऊन भिडल्या. समितीनं मान डोलावली. माझा विषय राहिला आणि मीही राहिले.

पेढे घेऊन घरी गेले. आई शेळ्यांकडं गेली होती. भांडी घासता घासता वहिनी सहज म्हणाली, "ती पयली शेळी आटली की ओ, ताई. आठवडाबी झाला न्हवता. सासूबाईंनी शेजारनं दूध मागून पिल्लं जगवली. गल्लीनं लई बोल लावलं त्यांना, वार इकून खाल्ली म्हणून."

गुरांच्या डॉक्टरनं दगडी सांगितली होती म्हणे, म्हणजे कासेचा आजार; वारेशी त्याचा काही संबंध नाही. हे मला कळत होतं. पण फोनवर आई यातला चकार शब्द बोलली नव्हती. मी तशीच उठून तिच्याकडं गेले.

"पयली शेळी आटली ते सांगितलं का न्हाईस?"

"सांगून तू काय करणार हुतीस?"

"तुला वाटतंय ना, वार दिली म्हणून आटली?"

"वाटतंय की. आजबी वाटतंय."

"मग दुसरी का दिलीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं, इतकं शिकून हिला एवढंही कळत नाही, अशा नजरेनं.

"तुला पायजे हुती की."