बाबांची पाठ मोबाइलवर

माझे बाबा पीटीचे मास्तर. अर्धी नोकरी सौंसरला, अर्धी पांढुर्ण्याला, आणि दोन्ही गावांतल्या कितीतरी पाठी त्यांनी ओरडून सरळ केलेल्या. रिटायर झाल्यावरही सवय गेली नाही. बसस्टँडवर कोणी पोक काढून बसलेला दिसला की ते त्याच्यासमोर जाऊन नुसते उभे राहत. तो माणूस आपोआप सरळ होई, आणि मग आपण का सरळ झालो म्हणून गोंधळून इकडंतिकडं पाही.

घरी मात्र त्यांचं चालत नसे. आई जमिनीवर बसून, पाठीची पार कमान करून भाजी निवडायची. लग्न झाल्यापासून ते तिला ‘ताठ बस’ म्हणत होते, आणि लग्न झाल्यापासून ती ‘हो’ म्हणून तशीच बसत होती.

मी तेव्हा नागपूरला फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेत होते. बसल्यावर पाठीचे स्नायू किती राबतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. स्नायू काम करायला लागला की त्यात अगदी बारीक वीज तयार होते. कातडीवर चिकट्या लावायच्या, त्यांच्या वायरी एका छोट्या डबीला जोडायच्या, आणि डबी ती वीज मोजून मोबाइलवर रेघ काढते. स्नायू राबत असला की रेघ झाडूसारखी फिसकारते, निवांत असला की दोरीसारखी सपाट होते. याला इलेक्ट्रोमायोग्राफी म्हणतात. सुट्टीत हात बसवायला मी ते सगळं सौंसरला घेऊन आले, आणि आईनं पहिल्याच दिवशी त्याचं ‘रेघोट्याची मशीन’ करून टाकलं.

“पहिले माझी पाठ घे,” बाबा म्हणाले. “ताठ पाठ कशाले म्हणतात ते तुझ्या मशीनलेही कळू दे.”

पाठीवर केस असले की चिकट्या धरत नाहीत, आणि बाबांच्या पाठीवर चांगलं रान माजलेलं. ते साफ करायला रेझर आईनं मोठ्या हौसेनं हातात घेतला.

“हलू नका,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदा मी सांगून राहिली अन् तुम्ही ऐकून राहिले.”

मग मी स्पिरिटनं पाठ पुसली, कण्याच्या दोन्ही बाजूंना चिकट्या लावल्या आणि बाबा स्टुलावर बसले. छाती पुढे, हनुवटी वर, झेंडावंदनाला उभं राहावं तसे. मोबाइलवरची रेघ अशी फिसकारली की आईनं मान मागे घेतली.

“हे काय होऊन राहिलं?”

“बाबांची पाठ राबून राहिली,” मी म्हटलं.

“आता माझी घे,” आई म्हणाली.

आईला चिकट्या लावल्या. ती आपली नेहमीची कमान करून मेथी निवडायला बसली. रेघ एकदम सपाट.

“वायर सुटली असंन,” बाबा म्हणाले. मी वायर तपासली. पक्की होती. बाबांनी स्वतः तपासली. मोबाइल हलवून पाहिला. आईनं मेथीची जुडी उचलायला हात लांबवला तेव्हा रेघ थोडी थरथरली, आणि ती परत वाकल्याबरोबर झोपली. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता.

खरं सांगायचं तर इतकं वाकल्यावर स्नायू सुट्टी घेतात, पण भार हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर जातो. तासन्‌तास तसं बसलं तर तेही दुखतंच. मी आईला पहिला अर्धा भाग मोठ्यानं सांगितला आणि दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी मला खोकला आला.

संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीला कळलं, की सरांची पाठ नापास झाली आणि बाईंची पास. दूधवाल्यानंही बाबांना तब्येत विचारली. बाबा दोन दिवस आईशी मोजकंच बोलले.

तेवढ्यात पांढुर्ण्याच्या शाळेतून बोलावणं आलं. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि बाबा प्रमुख पाहुणे. त्यांनी जेवताना जाहीर केलं, “स्टेजवर शेवटपर्यंत ताठ बसीन. ढिला पडलो तर जन्मात तुले ताठ बस म्हणणार नाही.”

“अन् नाही पडले तर?” आईनं विचारलं.

“तर उद्यापासून तू ताठ बसून भाजी निवडशील.”

“मंजूर. पण रेघोट्याची मशीन लावून. तुमचा काही भरोसा नाही.”

अशा रीतीनं बाबा कोऱ्या शर्टाच्या आत चिकट्या लावून आणि पट्ट्याला डबी अडकवून स्टेजवर चढले. मी आणि आई तिसऱ्या रांगेत. मोबाइल आईच्या हातात, पदराखाली.

बाबांच्या बाजूला त्यांचे जुने विद्यार्थी बसवले होते. एक डॉक्टर, एक कापसाचा व्यापारी, एक नगरपालिकेत निवडून आलेला. तिघांचीही पोटं सुटलेली, पण सरांना पाहून तिघंही खांबासारखे सरळ. भाषणं सुरू झाली. प्रत्येकजण ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून उभा राहायचा आणि शाळेचा सगळा इतिहास सांगून खाली बसायचा. व्यापाऱ्याच्या कपाळावरून घाम गळत होता. पदराखालची रेघ जाड होत चालली होती.

“काय पाहून राहिल्या वहिनी, सिरियल?” बाजूच्या बाईनं विचारलं.

“हो, यांचीच,” आई म्हणाली.

थोड्या वेळानं तिचं हसू मावळलं. “लई थकले वाटते गं. त्यांना टेकायले सांग ना.”

“खुणा करायच्या नाहीत, तूच म्हटलं होतं.”

आईची नजर एकदा मोबाइलवर, एकदा स्टेजवर. आणि पाहता पाहता ती खुर्चीच्या कडेवर आली, मान उंच, खांदे मागे, पाठ फुटपट्टीसारखी. तिला स्वतःला पत्ता नव्हता.

बाबांनी मात्र स्टेजवरून पाहिलं. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग मिशी हलली, मग त्यांना हसूच आवरेना. हसता हसता पाठ सैल झाली आणि ते खुर्चीत आईसारखेच कमान करून बसले. पदराखालची रेघ सपाट. दुसऱ्या क्षणी डॉक्टर, व्यापारी आणि नगरसेवक तिघंही एकदम खाली घसरले.

“सर, विश्राम म्हटलं असतं तर पहिल्याच भाषणात झोपलो असतो,” व्यापारी म्हणाला. समोर माइक चालू होता. सगळा मांडव हसला.

परतीच्या बसमध्ये भांडण जुंपलं.

“तुम्ही ढिले पडले. मी जिंकली.”

“तू ताठ बसली होती! सगळ्यांनी पाहिलं.”

“मी काहून ताठ बसीन? समोरच्या माणसाचं डोकं आड येऊन राहिलं होतं.”

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेरचे संत्र्याचे बगीचे फार लक्ष देऊन पाहू लागले. मग आईनं सीटला डोकं टेकून डोळे मिटले. बाबा थोडे थांबले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “उद्या ती भाजी निवडायले बसली की तिच्याच पाठीले मशीन लाव. मी समोर उभा राहून पाहतो काय होते ते.”

“ऐकू येऊन राहिलं मले,” आई डोळे न उघडता म्हणाली.