फकरूभाईंचा उजवा पाय

मंठ्याच्या फकरोद्दीन शिंप्याला पूर्ण नावानं कोणी हाक मारत नाही. सगळ्यांचे ते फकरूभाई. मी शिकवतो त्या शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले. माप घेताना पोरांची टर उडवायचे, पण शब्दाला पक्के. उभा जन्म शिलाई मशीन मारली आणि शेवटी शुगरनं उजवा पायच नेला.

कापलेला पाय कपड्यात गुंडाळून कब्रस्तानात दफन करायची त्यांच्यात रीत. तो ताब्यात घ्यायला मुलगा फहीम ऑपरेशन थिएटरबाहेर उभा होता. कंटाळून चहाला गेला, परत येईतो पाय गेला होता. कुठे, ते कोणी सांगेना. भेदरलेल्या पोरानं बापाला ठोकून दिलं, "अम्मीच्या कबरीशेजारी दफन केला." फकरूभाई कुबड्यांवर तिथे जाऊन दुवा मागायचे. एक दिवस कब्रस्तानाच्या राखणदारानंच सांगितलं, इथं काहीच पुरलेलं न्हाई.

तेव्हापासून माणूस पार खचला. मला म्हणायचे, "मास्तर, मी अर्धाच मातीत जाऊ का?" आम्ही बौद्ध, आमच्यात जाळतात. मी काय सांगणार, कपाळ!

मग कोणीतरी सांगितलं, जालन्याच्या एका मेडिकल कॉलेजात कापलेले अवयव बरण्यांत ठेवतात, आता ते सगळ्यांना बघायला खुलं केलंय. फकरूभाई हट्टालाच पेटले. बुडत्याला काडीचा आधार. मी आणि फहीम त्यांना व्हीलचेअरवरून घेऊन गेलो.

दारात पायऱ्या नव्हत्या, उतार होता. बरण्या बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर, आजारांची नावं मोठ्या मराठी अक्षरांत. अंधांना हात लावून कळावं म्हणून अवयवांचे मातीचे नमुनेही होते. एवढी सोय पाहून मला रडूच यायला लागलं. फुप्फुस, जबडा, मूत्रपिंड... फकरूभाई प्रत्येक बरणीशी डोळे नेऊन बघत होते. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात पूर्वी सुई मोडली होती, तिचा व्रण ते शोधत होते.

शेवटच्या कपाटात काळा पडलेला एक पाय होता. "थांब!" ते ओरडले. बराच वेळ बघत राहिले. तो डावा होता.

तिथल्या डॉक्टरबाईंना फहीमनं सगळं सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हे सगळे फार जुने आहेत. घरच्यांनी मागितला नाही तर कापलेला अवयव जाळून टाकतात."

"जाळला?" फकरूभाईंनी विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. "जाळला का हो, मास्तर?"

मी मान खाली घातली. आयुष्यात इतका नालायक मला मी कधी वाटलो नव्हतो.

त्यांनी मांडीवरची चादर बाजूला सारली. उरलेल्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. आम्हाला त्यांनी कळूच दिलं नव्हतं.

"अब की बार चाय को नको जा, बेटा," ते फहीमला म्हणाले.

फहीम खाली बसला आणि तो पाय त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला.