साठ किलोच्या बाईचं जेवण

"काल काय जेवलात?"

डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न हा विचारायच्या. नाडी नंतर, जीभ नंतर. टेबलावर कोपर टेकून, हनुवटी तळहातावर ठेवून त्या समोरच्याकडे बघत बसायच्या. पेशंट चाचरला की म्हणायच्या, "खरं सांगा. मी तुमची सासू नाही."

जळगावात मी शिकवत होते त्या शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. बाहेर एक बाक, आत एक पडदा, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आमच्या आळीतल्या काहीजणी तिथे जात नसत. का, ते कुणी उघड बोलत नसे, पण तुम्हीही अशा आळीत राहिला असाल तर तुम्हाला सांगायला नको. मी गेले ती अचानक. शाळेचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आमच्या शिवणाच्या बाईंनी मला हाताला धरून सगळ्यात जवळच्या दवाखान्यात नेलं.

ब्लडप्रेशर भलतंच वाढलेलं निघालं. वजन ऐंशीच्या पुढे. माझे वडीलही असेच अंगाने भरलेले. ते जेवता जेवता पाटावरच कलंडले होते, आणि पुढे वर्षभर एका बाजूने लुळे पडून गेले. हे सांगताना मला रडू फुटलं. माझ्या दोन मुली तेव्हा लहान होत्या, धाकटी तर शाळेतही जात नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मला रडू दिलं. मग विचारलं, "वजन कमी करायला आजवर काय काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. एकभुक्त राहिले होते. लिंबूपाणी घेतलं होतं. माहेरी यावलला उन्हाळाभर नुसती केळी आणि दूध घेऊन राहिले होते. वजन उतरायचं. मग पुन्हा माणसासारखं जेवायला लागलं की व्याजासकट परत यायचं.

"बरं, किती व्हायचंय तुम्हाला?"

"साठ झालं तरी देव पावला."

"आणि साठ झाल्यावर काय खाणार?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. मी म्हटलं, "साधंच. भाजी, भाकरी, वरण, भात."

"मग ते साधं आजपासूनच खा. साठ किलोची बाई रोज जेवढं जेवते, तेवढं. कमी नको, जास्त नको. तेवढ्यात ऐंशी किलोचं अंग पोसलं जात नाही. ते हळूहळू उतरेल, आणि साठाजवळ आलं की आपसूक थांबेल. त्या दिवशी तुम्हाला काही बदलावं लागणार नाही, म्हणून ते परत येणार नाही. पण वेळ लागेल हं. वर्ष, दोन वर्षं. घाई आहे?"

मी म्हटलं, "पण साठ किलोची बाई जेवते किती, हे मला कसं कळणार?"

बाईंनी पडद्याबाहेर बोट दाखवलं. बाकावर शिवणाच्या बाई बसल्या होत्या. उंचीला माझ्याएवढ्याच, अंगाने सडसडीत. "मधल्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसत जा. बघा."

माझी समजूत अशी होती की सडसडीत बायका काही खातच नाहीत. शिवणाच्या बाईंनी डबा उघडला तर त्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेलात परतलेला ठेचा. कधी शेवभाजी. त्या सगळं खायच्या, चवीने खायच्या, आणि मग बोलता बोलता मधेच डबा बंद करायच्या. उरलेली चतकोर भाकरी त्या डब्यात खुशाल ठेवून देत. मला त्या चतकोरावरून नजर काढवत नसे. भाकरी उरवता येते, हे मी तिथे शिकले.

तरी माझ्यातली घाई जाईना. महिन्याने काटा जेमतेम हलला, तसं मी गुपचूप रात्रीचं जेवण सोडलं. पुढच्या खेपेला वजन चांगलं उतरलेलं दिसलं. मी शाबासकीची वाट पाहत उभी.

"काल काय जेवलात?"

मी खरं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "हे कुणाचं जेवण? चाळीस किलोच्या बाईचं. तिला मी बोलावलं नव्हतं. तिला घरी पाठवा आणि साठवालीला घेऊन या."

त्याच्या उलटही झालं. पहूरला चुलतभावाचं लग्न होतं. वरण-बट्टी, वर तुपाची धार, आग्रहाला अंत नाही. मी खूप जेवले आणि परत येताना बसमध्ये डोळे पुसत बसले. आमचे यजमान म्हणाले, "अगं, लग्नच होतं ना?" पण मला वाटलं, सगळं मातीत गेलं. दुसऱ्या दिवशी तडक दवाखान्यात. बाई हसत सुटल्या. "साठ किलोची बाई काय लग्नाला जात नाही? जाते, जेवते. दुसऱ्या दिवशी मात्र आपलं रोजचं जेवते. आज काय केलंय घरी?"

"मेथीची भाजी."

"मग जा, जेवा."

एक दिवस मात्र मला विसरता येत नाही. दुष्काळाचं साल होतं, रेशनला मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळायची. माझ्या आधी एक मजूर बाई आत गेली होती. मनगटाची हाडं वर आलेली, चक्कर येऊन कामावर पडलेली. पडद्याआडून दोघींची अहिराणी ऐकू येत होती; सगळ्यांना वाढून तिच्या वाट्याला काय राहतं, ते बाई विचारत होत्या.

"माय, बठ्ठास्ले वाढस, मंग तुन्हा वाटाले काय ऱ्हास?"

"उरनं ते खास, बाई."

"उरनं ते नही. पह्यले तुन्हं ताट वाढ."

ती बाहेर आली तेव्हा बाईंनी स्वतःचा डबा तिच्या हातात दिलेला होता. मी आत गेले ती मान खाली घालून. म्हटलं, "मला लाज वाटते हो. तिला मिळत नाही, आणि मी कमी खायला शिकतेय."

बाईंनी मला बसायची खूण केली. मग म्हणाल्या, "लाजून तिचं पोट भरणार नाही. तिलाही मी तेच सांगितलं, धड अंगाची बाई जेवते तसं जेव. तुम्ही वरून खाली यायचं, तिने खालून वर. तिचा रस्ता अवघड आहे. तुम्हाला काही करायचंच असेल तर घरचं धान्य आणून द्या इथे." मी देत राहिले. दवाखान्याच्या कोपऱ्यात मग एक पिंपच ठेवावं लागलं.

दोन वर्षांहून जास्त काळ गेला. वजन कधी उतरलं ते कळलंही नाही. चोळ्या सैल झाल्या, अंगठी निसटायला लागली, औषधाची गोळी निम्म्यावर आली. वजन साठावर काही आलं नाही, त्रेसष्टाच्या आसपास थांबलं. बाई म्हणाल्या, "तुमची साठवाली जरा खाती-पिती आहे. राहू दे."

पुढे त्यांनी दवाखाना बंद केला आणि धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी मी खास भेटायला गेले. दार त्यांनीच उघडलं. त्या खूप थकल्या होत्या, नजर अधू झाली होती. "कोण हवंय?" त्यांनी विचारलं. मी ओळख सांगितली तरी त्या संशयाने बघत राहिल्या. माझा आवाज ऐकून मगच हसल्या आणि मला जवळ ओढलं. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "मी काय केलं? जेवलात तुम्ही." आभार त्यांनी कधी धड मानूच दिले नाहीत.

त्यानंतर चार-सहा महिन्यांत त्या गेल्या. मला फार उशिरा कळलं. आज मुलींची लग्नं झाली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात, आणि हे सगळं बघायला मी धडधाकट बसले आहे, ते बाईंमुळे.

मी भेटायला गेले त्या दिवशी, मी नको नको म्हणत असताना, त्या मला पोचवायला धुळ्याच्या स्टँडवर आल्या होत्या. मी मागच्या खिडकीत बसले. बस सुटली तशी बाईंनी डोळ्यांवर हाताची सावली धरली, एकेक खिडकी न्याहाळली, आणि पुढच्या खिडकीत बसलेल्या एका चांगल्या जाडजूड बाईला, ती मीच समजून, हसत हसत हात केला. त्या बाईनेही हसून हात हलवला. बस वळेपर्यंत दोघी एकमेकींना हात करत होत्या.