ओव्हरक्लॉकिंगवाले भावोजी

वेग वाढवण्यापायी इतका वेळ खाणारा माणूस अख्ख्या बदलापुरात दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या नणंदेच्या गळ्यात पडावा, हे माझं नशीब. नणंदेच्या म्हणजे पर्यायाने माझ्याच, कारण नणंदेचा नवरा हा घरचा जावई. जावयाला उलटून बोलायचं नाही. तो आपल्या पोटावर पाय देत असला, तरी हसून म्हणायचं, "भावोजी, आणखी एक पोळी घ्या ना!" असं हसून हसून जबडा दुखवून घेतलेली बाई आहे मी. आज मात्र मनातलं सगळं बोलणार.

भावोजी अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होते. तपासणं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की चहात साखरसुद्धा एकदम पडायची नाही. चिमूटभर घालायची, ढवळायची, घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, मग पुन्हा चिमूटभर. चहा गोड होईस्तोवर त्याचं सरबत व्हायचं. नवी चप्पल आणली की आधी घरातल्या घरात, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत. माझ्या नणंदेला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन "कळवतो" म्हणाले, पुन्हा आले, पुन्हा पोहे खाल्ले आणि पुन्हा "कळवतो" म्हणाले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अहो, मुलगी बघताय की पोहे?" त्यावर भावोजी शांतपणे, "एकदा बघून भरवसा कसा ठेवायचा, आई?" लग्न झालं हीच नवलाई.

एवढं असूनही माझं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते कॉम्प्युटर घरात आल्यावर. आमच्या ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कंपनी बंद पडली आणि बेलवलीच्या आमच्या दोन खोल्यांत कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर आला. त्यावर मी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बारशाची कार्डं करून द्यायला लागले. त्या खोक्यावर घर चालत होतं. ते बंद तर चूल बंद, इतका साधा हिशेब. पण मेलं इतकं संथ, की पत्रिकेवरचा गणपती पडद्यावर उमटेस्तोवर माझी कणीक मळून व्हायची. हे गाऱ्हाणं मी एका रविवारी भावोजींपुढे बोलून बसले आणि फसले.

"नवीन कशाला वहिनी? आहे तोच पळवू. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला." मग त्यांनी जेवण होईपर्यंत मला शिकवणी दिली. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो ठरावीक वेगाने चालायला बांधलेला असतो, पण सेटिंगमध्ये जाऊन तो वेग वाढवता येतो. वेग वाढला की तो तापतो. म्हणून थोडाथोडाच वाढवायचा, दर वेळी तपासायचा, पंखा दणकट लावायचा, व्होल्टेजला हात लावायचा नाही. "आणि फार तापला तर मशीन आपोआप बंद पडेल, असं लावून ठेवायचं."

"आणि जळला तर?" मी विचारलं.

"सांभाळून केलं तर जळत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे कॅलेंडरात तोंड घालून उभे. आत आल्यावर मला म्हणतात कसे, "अगं, काय बोलणार? जावई आहेत." डोंबल जावई!

त्या दिवसापासून माझा रविवार गेला. बदलापूर गावातून सायकलवरून यायचे, कॅबिनेटची एक बाजू उघडायचे, वेग केसभर वाढवायचे आणि एक तपासणी लावून द्यायचे. ती तासन् तास चालायची आणि तोवर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पत्रिका घ्यायला माणसं दारात उभी, मी त्यांना पाणी देतेय, सरबत देतेय, आणि भावोजी त्या खोक्यासमोर आयसीयूबाहेर बसल्यासारखे गंभीर. तपासणी संपत आली की लोडशेडिंग. लाईट आली की पहिल्यापासून. मला वाटायचं, डोकं आपटावं. भावोजींना आनंद! "बरं झालं वहिनी, जरा थंड झाला."

प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावायची पेस्ट आणायला एकदा मला उल्हासनगरला घेऊन गेले. दुकानदार सिंधी, चांगला हसतमुख माणूस. भावोजींनी पेस्ट बोटावर घेतली, चोळली, वास घेतला, दुसरी मागितली, तीही चोळली. दुकानदार शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "भाभीजी, साईं को बोलो ना, मशीन में लगाने का है, मुँह पे नहीं!" मला हसू आलं आणि हसू आल्याचा आणखी राग आला.

आणि मग तो दसरा. ह्या एवढ्या तपासखोर माणसाने दसऱ्याला काय करावं? सकाळी झेंडूची फुलं घेऊन आले. आपल्याकडे यंत्राची पूजा करतातच, कॅबिनेटवर हळदकुंकू वाहिलं असतं तर माझी ना नव्हती. पण भावोजी म्हणाले, "सगळ्यात जास्त राबतो तो पंखा. मान त्याचा." असं म्हणून बाजू उघडून प्रोसेसरच्या पंख्यावर चांगला टपोरा झेंडू ठेवला, हात जोडले आणि बाजू लावून टाकली. सगळं तपासणाऱ्या माणसाने फूल तेवढं तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालेगावचे एक काका नातीची पत्रिका न्यायला आले. मी बटण दाबलं. थोडं चाललं, बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. काका म्हणाले, "काय गं बाय, माजी पत्रिका व्हईल ना? पावनं यायच्यात." संपलं, जळला, आता खायचं काय? फोन करून भावोजींना बोलावलं, आणि दारातच, काकांच्या देखत, जावईबिवई न बघता तोंड सोडलं. "भावोजी, तुमचा खेळ होतो आणि आमचं पोट जातं! कुणी सांगितली होती ही मेली पळवापळवी?" हे आतून "अगं, अगं" करतायत. मी थांबले नाही.

भावोजी आत आले. बाजू उघडली, नणंदेचा भुवयांचा चिमटा खिशातून काढला आणि पंख्यात अडकलेल्या पाकळ्या एकेक करून वेचल्या. बटण दाबलं. सुरू! सगळी कामं जागच्या जागी. "बंद पडला म्हणून वाचला, वहिनी," एवढंच म्हणाले, आणि वेग थोडा खाली उतरवला. "तेवढं तुमच्या मनासाठी." काका पत्रिका घेऊन गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

खरं सांगायचं तर तो खोका नंतर असा पळाला, की मी दिवसाला दुप्पट पत्रिका करायला लागले. कामं वाढली, हातात पैसा आला आणि एक दिवस नवा कोरा कॉम्प्युटर आला. भावोजी बघायला आले. चारी बाजूंनी बघितला, म्हणाले, "छान आहे. याला काही करायला नको," आणि चहा न घेताच गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नणंदेला विचारलं तर म्हणे, "कशाला येतील? तिथे त्यांना काम काय आता?" मला असा संताप आला! इतके रविवार खाल्ले माझे, आणि आता मेला रविवार खायला उठतो, तर भावोजींचा पत्ता नाही.

शेवटी मीच फोन लावला. "भावोजी, मशीन फार तापतंय हो."

पलीकडून घाईघाईने, "हात लावू नका. आलोच."

आले. घामाघूम. नव्या कॅबिनेटवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मशीन सकाळपासून सुरूच केलेलं नाही, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. भावोजींनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"तापलंय खरं," ते म्हणाले आणि बाजूचे स्क्रू काढायला बसले.