भिकनच्या वाट्याचं ऊन

सुरक्षारक्षक भिकन रामा शिंगाडे. वय : चौपन्न. वर्ण : सावळा. शरीरयष्टी : मध्यम. ओळखीची खूण : उजव्या पोटरीवर कुत्रा चावल्याचा जुना व्रण. नेमणुकीचे ठिकाण : व्यापारी संकुल, उस्मानपुरा, तळघर (वाहनतळ). कामाचे स्वरूप : बैठे. ऊन, वारा व पाऊस यांच्याशी संबंध : नाही. वर्तणूक : समाधानकारक.

सुरक्षा एजन्सीच्या कागदावर भिकन असा होता. यातला कुत्र्याचा व्रण तेवढा पक्का. बाकी मजकुरावर बोलता येईल. ‘मध्यम’ ही शरीरयष्टी नोकरीला लागतानाची. त्यानंतर दीडेक वर्षात भिकन मध्यमाच्या बराच अलीकडं येऊन थांबला होता. गणवेशाच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यायला तो गुलमंडीत गेला, तेव्हा पट्टेवाल्यानं पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “चाचा, अगली बार पट्टा मत लाओ. रस्सी ले आना.”

त्याआधीचं सगळं आयुष्य भिकननं मेंढरांमागं काढलेलं. वैजापूरच्या माळापासून खाली गोदाकाठापर्यंत आणि परत. उन्हाशी त्याचं नातं सासूचं सुनेशी असतं तसं होतं : बोलण्यासारखं काही नाही, पण दिवसभर एकमेकांसमोर. मग गायरानांवर प्लॉट पडले, गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलगा हनुमान वाळूजच्या कंपनीत कायम झाला. मेंढरं विकली. भिकन आणि त्याची बायको मंजुळाबाई शहरात मुलाजवळ राहायला आले आणि भिकनला तळघरातली ही नोकरी मिळाली. गावाकडच्या पाहुण्यांना याचा केवढा हेवा. जन्मभर उन्हात भाजलेल्या माणसाला सावलीत बसायचा पगार, यापरतं नशीब ते काय.

पहिले काही महिने भिकनलाही तसंच वाटलं. नंतर त्याची भाकरी कमी झाली.

मंजुळाबाईच्या घरात माणसाची तब्येत भाकरीवर मोजली जाते. तीन खाणारा दीडवर आला, दीडवरचा एकीवर, आणि त्या एकीचाही पापुद्रा ताटात उरायला लागला. ठेचा झाला, हुलग्याचं माडगं झालं, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या, गळ्यात काळा दोरा आला. मधे काही दिवस तिला असाही संशय होता, की हा बाहेर कुठंतरी खाऊन येतो. पण बाहेर खाणारा माणूस निदान खुशीत तरी असतो. भिकन घरी यायचा, भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि विचारलं तर ‘काय नाय’ म्हणायचा. ज्याच्या हाळीनं एका टेकडीवरचं मेंढरू दुसऱ्या टेकडीवर जायचं, त्याचं हे ‘काय नाय’ दारापर्यंतही पोचत नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण एजन्सीचा एक नियम होता. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास रक्षकांची वजनं होत. पन्नास किलोच्या खाली जो भरेल, त्याची नेमणूक पुढं चालू राहत नसे. चोराला अडवायला अंगात काहीतरी असावं, असा त्यामागचा विचार. संकुलाच्या तळमजल्यावर औषधाचं दुकान होतं. तिथल्या काट्यावर भिकन दिवाळीनंतर सहज म्हणून उभा राहिला, तर काटा पन्नासाच्या अलीकडंच थांबला.

नोकरी गेली असती तर हनुमाननं आईबापाला उपाशी ठेवलं नसतं. मंजुळाबाईला धास्ती होती ती खोलीची. त्यांच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर शेजाऱ्यानं नुकताच तिसरा मजला चढवला होता. रानातला माणूस अशा खोलीत दिवसभर बसला की काय होतं, हे तिनं आपल्या थोरल्या दिराच्या बाबतीत पाहिलं होतं. ते दसऱ्याला बसले, ते पुन्हा नीट उठले नाहीत.

संकुलाच्या पहिल्या मजल्यावर डॉक्टर रत्नमाला यांचा दवाखाना होता. त्यांची गाडी रोज भिकनच लावून घ्यायचा, त्यामुळं ओळख होती. त्यांनी रक्त तपासलं. साखर ठीक, थायरॉईड ठीक, सगळं ठीक. फक्त ड जीवनसत्त्व, जे उन्हातून फुकट मिळतं, ते तळाला गेलेलं. डॉक्टरांनी रिपोर्टवरचं नाव पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली. मग आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली आणि रोज अर्धा तास ऊन लिहून दिलं.

“जेवणाआधी का जेवणानंतर?” भिकननं विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक बाई. त्यांनी सांगितलं, की उन्हानं मन ताळ्यावर येतं असं अनुभव सांगतो. भुकेचं म्हणाल तर उंदरांवर आणि थोड्याफार माणसांवर प्रयोग झालेत. उन्हानं पुरुषांची भूक वाढते, बायकांची वाढत नाही, असं त्यात दिसलंय म्हणतात. वजनाची हमी कुणी देत नाही.

भिकननं हे घरी जसंच्या तसं सांगितलं. मंजुळाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

“बायांची वाढत नाय म्हणं. आमी उनातून येऊन सैपाक करायचो, समद्यांना वाढायचो, मग खायचो. तवर आमाला भूक लागली का नाय, हे इचाराया कोण आलं हुतं? उंदरं?”

प्रश्न तिकडंच राहिला. अडचण वेगळी होती. भिकनची ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. थंडीच्या दिवसांत तो तळघरात उतरायचा तेव्हा ऊन यायचं असायचं, आणि वर यायचा तेव्हा गेलेलं असायचं. त्यानं पहिल्यांदा साप्ताहिक सुट्टीचा उपाय केला. आठवड्याभराचं ऊन एकदमच घेऊन टाकावं म्हणून तो गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसला. रात्री डोकं धरून झोपला आणि उरलेली भाकरीही सोडली. औषध एकदम सगळं घ्यायचं नसतं, हे मेंढरांना जंताचं पाजताना त्याला पाठ होतं. स्वतःच्या बाबतीत ते लक्षात आलं नाही.

दुसरा उपाय उताराचा. तळघरात गाड्या उतरायचा जो चढउतार होता, त्यावर दुपारी उन्हाचा एक तुकडा घोंगडीएवढा यायचा. भिकननं खुर्ची त्यात नेऊन ठेवली. तुकडा सरकेल तशी खुर्ची सरकू लागली. चौथ्या का पाचव्या दिवशी एजन्सीचे पाहणी अधिकारी अप्पाराव मोटारसायकलवरून खाली उतरले, ते थेट खुर्चीवरच यायचे. त्यांनी ‘नेमून दिलेली जागा सोडून ऊन खात बसल्याबद्दल’ खुलासा मागितला. भिकननं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. अप्पारावांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. चहाला सुट्टी आहे, जेवणाला जागेवर बसून आहे, लघवीला आहे. उन्हाला नाही, आणि जी नाही ती मी कुठून देऊ, असं त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमात जन्मलेला होता.

आता उरला बन्सी.

बन्सी वरच्या फाटकावरचा रक्षक. वैजापूरकडचा शेतकरी, कापूस, कांदा आणि भावकी अशी तिन्ही पिकं सांभाळून थकलेला, मुलाच्या कॉलेजसाठी शहरात आलेला. गावात त्याला पाटील म्हणत, म्हणून इथंही सगळे पाटीलच म्हणत. त्याच्या वाट्याला दिवसभराचं ऊन होतं आणि बायकोनं, द्वारकाबाईनं, दिलेला चार पुडांचा डबा. तो डबा दुपारी बारालाच रिकामा व्हायचा आणि चारला कचोरी लागायची. गणवेशाचं पोटावरचं बटण त्यानं आपण होऊन निवृत्त केलं होतं. विचारलं की वर बोट दाखवायचा. हे ऊनच मेलं भूक लावतं, माझा काय दोष.

एकानं वर यावं, एकानं खाली जावं, दोघांचंही भलं, हे लहान पोरालाही कळलं असतं. बन्सीलाही कळत होतं. पण फाटकाला शिट्टी होती, लाल दांडा होता, येणाऱ्या मोटारीला हात करून थांबवण्याचा हक्क होता. तळघरात यातलं काही नाही. भिकननं दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा बन्सीनं हसण्यावारी नेला. पाटील भुयारात बसला हे गावात कळलं तर पोराची सोयरीक मोडेल, असं त्याचं म्हणणं. भिकन आणखी वाळला.

आता त्यांच्या भागातली एक रीत सांगायला हवी. सुगी झाली की मेंढपाळ शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवतो. रानाला खत मिळतं. शेतकरी धान्य देतो, आणि मेंढरं रानात आहेत तोवर मेंढपाळाला भाकरही घालतो. मेंढपाळानं बांधावर उभं राहून विचारायचं असतं. रान मोकळं असताना शेतकरी नाही म्हणत नाही. तसं म्हणणं रानाला लागतं, असं मानतात. बांधावर दिलेला शब्द फिरवत तर कुणीच नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी भिकन उतार चढून वर आला. फाटकाजवळ न जाता तो फूटपाथच्या कडेला थांबला. तळघरातल्या झाडूचा दांडा त्यानं काठीसारखा मानेमागं आडवा धरला, त्यावर दोन्ही हात टाकले आणि बापाच्या आवाजात विचारलं,

“पाटील, औंदा रान मोकळं हाय का?”

बन्सी कचोरीच्या विचारात होता. त्याच्या तोंडून त्याचा बाप आणि आजा बोलून गेले.

“हाय की. बसवा.”

मग त्यानं मान वळवून पाहिलं. समोर मेंढरं नव्हती. भिकन होता आणि तो हसत नव्हता. बन्सीनं शिट्टी गळ्यातून काढून त्याच्या हातात दिली.

“लई वंगाळ हायस तू, भिकनराव.”

“व्हय,” भिकन म्हणाला.

ठरलं ते असं, की सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत भिकन वर, बन्सी खाली. बन्सीनं ही हकीकत घरी गंमत म्हणून सांगितली; द्वारकाबाईनं ती गंमत म्हणून घेतली नाही. रानात मेंढपाळ बसवला आणि त्याला भाकर घातली नाही, असं तिच्या सासरी कधी झालं नव्हतं. त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून चार पुडांतले दोन भिकनचे झाले. डबा पाचवा कप्पा घ्यायला तयार नव्हता.

फाटकावर भिकन पहिल्या दिवशी नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला दिसलं, की स्कूटरी आणि मोटारसायकली जिथं जागा दिसेल तिथं, तोंडं चहूकडं करून उभ्या आहेत. हे त्याला बघवलं नाही. उन्हात मेंढरं कशी एकमेकांच्या सावलीत मुंडकी घालून उभी राहतात, तशी त्यानं हँडलाला हँडल भिडवून रांग लावली. कोपऱ्यात बरीच जागा मोकळी झाली. आठवड्यानं तो जिभेनं चक्‌चक्‌ करून रिक्षा मागं घ्यायला लावू लागला. रिक्षावाले त्यावर हसत आणि रिक्षा मागं घेत. गिऱ्हाइकं चाचा म्हणून हाक मारू लागली, आणि एके संध्याकाळी मंजुळाबाईनं तिसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. बोलली काही नाही. बोललं की दृष्ट लागते.

अप्पाराव एकदा भरदुपारी आले. फाटकावर भिकनला पाहून त्यांनी कागद काढला. कागदावर एक रक्षक वर आणि एक खाली. जागेवर एक वर आणि एक खाली. हिशेब जुळत होता. त्यांनी गाडी रांगेत लावली, हँडल डावीकडं घ्या असं भिकननं सुचवल्यावर तेही घेतलं, आणि गेले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अप्पाराव पिशवीतून काटा घेऊन आले. औषधाच्या दुकानासमोर सगळे जमले. डॉक्टर रत्नमालाही जिन्यात थांबल्या. मंजुळाबाई कधी नव्हे ती नवऱ्याचा विसरलेला रुमाल द्यायला म्हणून आली होती, तो तिनं आपल्या हातानं त्याच्या कोटाच्या खिशात घातला होता आणि परत जायचं नाव घेत नव्हती.

भिकन काट्यावर चढला. साडेबावन्न. बन्सीनं टाळी वाजवली. अप्पाराव लिहिणार, तेवढ्यात भिकनला कोटाचा डावा खिसा जड वाटला. त्यानं हात घातला आणि खलबत्त्याचा बत्ता बाहेर काढला.

सगळ्यांनी बत्त्याकडं पाहिलं. भिकननं मंजुळाबाईकडं पाहिलं. मंजुळाबाई रस्त्यावरच्या रिक्षा पाहत होती.

“पुन्यांदा करा सायब,” भिकन म्हणाला, आणि बत्ता बायकोच्या हातात देऊन पुन्हा चढला. काटा खाली आला, डुगडुगला. मंजुळाबाईनं बत्ता दोन्ही हातांनी धरला होता. काटा एक्कावन्नच्या जरा पुढं थांबला.

अप्पारावांनी आकडा मोठ्यानं वाचला. मंजुळाबाई खाली पायरीवर बसली, आणि बराच वेळ पदरानं बत्ताच पुसत राहिली.

बन्सी चार किलोनं उतरला होता. बटण लागत होतं. अर्धा डबा गेल्याचं दुःख तोंडावर घेऊन त्यानं जाहीर केलं, की अखेर उन्हाचंच सगळं. त्यानं भिकनराव भरला आणि सावलीनं मी वाळलो. डॉक्टरांना हे फार आवडलं. त्या वही काढणार होत्या. मग त्यांनी डब्याबद्दल विचारलं. बन्सीनं सांगितलं. पुडीही भिकन दर आठवड्याला घेतच होता. शास्त्राच्या दृष्टीनं प्रयोग वाया गेला होता. डॉक्टरांनी वही ठेवून दिली आणि भिकनला ऊन चालूच ठेवायला सांगितलं.

अप्पारावांना पुढच्या संकुलावर जायचं होतं. त्यांनी मांडीवर नवा फॉर्म घेतला आणि गेल्या वर्षीचा समोर ठेवून उतरवून काढला. शरीरयष्टी : मध्यम. नेमणुकीचे ठिकाण : तळघर. ऊन, वारा व पाऊस यांच्याशी संबंध : नाही. वर्तणूक : समाधानकारक. मग फॉर्म भिकनपुढं केला.

भिकननं सही केली. त्याच्या नाकाचं साल निघत होतं.