भूगोलाचे आहिरे सर कॉम्प्युटर शिकतात

शाळेत नवी वस्तू आली की ती एकदाच बिघडते, पण तिचे किस्से जन्मभर पुरतात. आम्ही रिटायर झालेले मास्तर रोज सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातो आणि फिरण्यापेक्षा टपरीवरच जास्त बसतो. तिथं कुणाच्या तोंडून ‘कॉम्प्युटर’ शब्द निघाला की सगळ्यांचे चहा थंड होतात. नातवंडं मोबाइल कसा झरझर चालवतात त्याचं कौतुक मला सांगू नका. आम्ही कॉम्प्युटर शिकलो तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता!

*

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. सरकारी योजनेतून नाशिकच्या आमच्या शाळेला एक कॉम्प्युटर मिळणार होता. अट अशी, की शाळेनं तीन शिक्षक ट्रेनिंगला पाठवायचे आणि शेवटी शिक्षण खात्याचे मोठे साहेब येऊन तिघांपैकी कुणाही एकाचा पाठ बघणार. पाठ जमला तर मशीन आमचं, नाही तर ते पिंपळगावच्या शाळेला जाणार.

हेडमास्तरांनी गणिताच्या गायकवाड बाईंना निवडलं. विज्ञानाचा म्हणून मला निवडलं. तिसरे आहिरे सर. विषय भूगोल, गाव सटाण्याकडचं, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यांना का निवडलं? तर त्यांचे तास कमी होते!

स्टाफरूममध्ये हसू पसरलं. एकानं मुद्दाम विचारलं, की सर, तुम्ही कॉम्प्युटर बघितलाय तरी का. आहिरे सर वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, “आफ्रिका तरी कुठं बघितलीय? इतकी वर्षं शिकवतोच आहे ना.”

*

ट्रेनिंग शाळा सुटल्यावर एका कॉलेजात असायचं. शिकवायला खरे आडनावाच्या मॅडम. नुकत्याच पास झालेल्या, आहिरे सरांच्या मोठ्या मुलापेक्षाही लहान. अभ्यासक्रम ऐकूनच आम्ही गार पडलो. शून्य-एकची मोजणी, मेमरी, फ्लोचार्ट, ‘बेसिक’ नावाच्या भाषेतले प्रोग्रॅम, आणि हे सगळं आठवीच्या पोरांना कसं समजवायचं तेही. मशीन मात्र यायचं होतं.

तोवर मॅडमनी फळ्यावर कीबोर्ड काढला आणि तो पुठ्ठ्यावर उतरवून घरी बोटांचा सराव करायला सांगितलं. आहिरे सरांचा पुठ्ठा बुटाच्या खोक्याचा होता. बसमध्ये, स्टाफरूममध्ये, घरी जेवण वाढेपर्यंत सर टकटक करत बसायचे. बोटं अशी बसली की आम्हीही बघत राहायचो.

शेवटी कॉलेजात खरं मशीन आलं. सर पहिले पुढे झाले, न बघता अख्खी ओळ टाइप केली आणि हाताची घडी घालून बसले. पडद्यावर पुढं काही होईना. सर ढिम्म. मॅडमनी विचारलं, काय झालं?

“विचार करतंय,” सर म्हणाले.

“सर, तुम्ही अजून त्याला सांगितलंच नाहीये. रिटर्नचं बटण दाबा.”

“हाई काय शे?” सरांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली. त्यांनी पिशवीतून पुठ्ठा काढून बघितला. रिटर्नच्या बटणाआधीच पुठ्ठा संपला होता.

*

दसऱ्याच्या आधी शाळेचंही मशीन आलं, पाठ होईपर्यंत तात्पुरतं. दसऱ्याला हेडमास्तर ताट घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत निघाले. हळद, कुंकू, फुलं, नारळ, सगळा सरंजाम. त्या खोलीत आम्ही स्वतः चपला काढून जायचो, धूळ नको म्हणून. गायकवाड बाई दारातच उभ्या राहिल्या. बाई बारीक चणीच्या, पण एकदा उभ्या राहिल्या की हलत नसत. कुंकवाचा कण बटणात गेला तर मशीन बंद पडेल, मग साहेबांना काय दाखवायचं, असं त्यांनी सरळ विचारलं.

हेडमास्तर भरलं ताट घेऊन परत जाईनात आणि बाई बाजूला होईनात. शेवटी वाटाघाटी झाल्या. खोलीबाहेर लोखंडी स्टॅबिलायझर होता, त्याची पूजा झाली. पुढं कितीतरी वर्षं आमच्या शाळेत नवे शिपाई येता-जाता स्टॅबिलायझरला नमस्कार करायचे!

*

त्या काळी प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचे. टेपरेकॉर्डर मशीनला जोडायचा, किर्र आवाज करत प्रोग्रॅम आत जायचा. गायकवाड बाईंनी पाढे तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला. चुका काढता काढता त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी तो चालला तेव्हा त्यांनी तो कॅसेटवर घेतला आणि घरी नेऊन कपाटात ठेवला.

त्यांच्या कॉलनीत बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता. त्यांच्या दिरानं घाईघाईत घरातल्या गाण्यांच्या कॅसेटी गोळा करून मंडपात नेल्या. संध्याकाळी सगळी कॉलनी जमलेली, आणि भोंग्यातून अचानक किर्र, टीईई, खर्र! लोकांनी कानावर हात ठेवले. भोंगेवाला कॅसेट बिघडली समजून तिच्यावर नवीन गाणं भरण्याच्या बेतात होता, तेवढ्यात बाई हातातलं काम टाकून धावत आल्या. ते पुसू नका, हा माझा प्रोग्रॅम आहे, असं त्यांनी मंडपात सगळ्यांदेखत सांगितलं.

भोंगेवाला कॅसेट काढायला लागला, तर पहिल्या रांगेतले म्हातारे बाबा काठी टेकत उठले.

“असू दे, वाजू दे. आपल्या बाईनं लिहिलंय.”

आणि अख्ख्या कॉलनीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. बाई हा किस्सा अजूनही सांगतात. आम्हीही तो शेवटपर्यंत ऐकतो.

*

फ्लोचार्टच्या तासाला मॅडमनी चहा कसा करायचा ते पायरीपायरीनं लिहायला सांगितलं. वर्गात स्टोव्ह, पातेलं, सगळं मांडलं होतं. जो जसं लिहील तसंच त्या करणार. आहिरे सरांनी मन लावून लिहिलं. शेवटच्या दोन ओळी अशा: चहा ढवळा. परत वरच्या ओळीवर जा.

मॅडम ढवळायला लागल्या. ढवळतच राहिल्या. चहा आटला, करपल्याचा वास सुटला, तरी चमचा फिरतोच आहे. शेवटी सरांनीच उठून स्टोव्ह बंद केला.

“मशीनला शहाणपण नसतं, सर,” मॅडम म्हणाल्या. “थांबायचं कुठं, ते तुम्हीच सांगायचं.”

ही बातमी हेडमास्तरांपर्यंत गेली. त्यांनी सरांना बोलावून मायेनंच सुचवलं, की पाठाच्या दिवशी जरा आजारी पडा, शाळेचं मशीन जायला नको. सर म्हणाले, “पडलो तर वर्गात पडेन. घरी नाही.”

त्या दिवसापासून कुठलाही प्रोग्रॅम लिहिताना सर कागदाच्या तळाशी आधी ‘थांबा’ लिहायचे आणि मग वरून सुरुवात करायचे.

*

पाठाचा दिवस आला. हेडमास्तरांनी मशीनची रिकामी खोकी भिंतीशी रचून ठेवली होती, न जाणो परत भरावं लागलं तर. साहेब आले, यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, आहिरे सरांचा पाठ बघू. बाईंनी डोळे मिटले.

सरांनी मशीन सुरू केलं, कागद काढला, आणि लाइट गेली!

साहेब उठले. मशीन नाही तर पाठ नाही, मी तसं लिहितो, म्हणाले. हेडमास्तर खोक्यांकडे बघायला लागले. आहिरे सरांनी कागद खिशात घातला.

“साहेब, बसा. वीज मशीनला लागते. प्रोग्रॅमला नाही लागत.”

सरांनी चार पोरं पुढं बोलावली. एकाच्या हातात पाटी दिली, ती मेमरी. दुसऱ्यानं पाटीवरच्या आकड्यात एक मिळवायचा. तिसऱ्यानं पाटी फळ्यापर्यंत न्यायची. चौथी सुनंदा, तिनं आकडा फळ्यावर लिहायचा, तो पडदा. मग पाटी परत पहिल्याकडे. कुणी स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं.

पोरं सुरू झाली. पाटी फिरायला लागली, फळ्यावर आकडे वाढायला लागले. सर बाजूला उभे राहून मेमरी म्हणजे काय, पडदा म्हणजे काय, ते एकेका पोराकडे बोट दाखवून सांगत होते. साहेब उठून पुढच्या बाकावर येऊन बसले. मागच्या पोरांना त्यांनी प्रश्न विचारले, पोरांनी धडाधड उत्तरं दिली. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी बाईंचा हात धरून हलवला.

लाइट आली. तास संपल्याची घंटा झाली. सरांनी घाम पुसला आणि म्हणाले, बास रे पोरांनो.

पाटी फिरतच होती. फळा भरला होता, सुनंदा आता भिंतीवर लिहीत होती. हेडमास्तर ओरडले, थांबा म्हणून. सुनंदानं मानसुद्धा वळवली नाही.

“कसं थांबू? सरांनी थांबायची ओळच नाय दिली.”

आहिरे सरांनी खिशातला कागद चाचपला आणि खाली बसले. हेडमास्तर कपाळाला हात लावून साहेबांना म्हणाले, की शेवटी चूक झालीच.

साहेब भिंतीवरचे आकडे वाचत होते.

“चूक प्रोग्रॅमची आहे,” ते म्हणाले. “मशीन उत्तम चाललंय. ती खोकी तेवढी बाहेर टाका.”